टी-३४ ची चाके : कारखाना, काळ आणि रबर

प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून रणगाड्याची प्रमाणबद्ध प्रतिकृती तयार करण्याच्या छंदात तोफ, टरेट आणि रंग यांचीच चर्चा अधिक होते. चाकांकडे लक्ष जाते ते शेवटी, आणि फसगतही बहुधा तेथेच होते. सोव्हिएत संघाच्या टी-३४ या गाजलेल्या रणगाड्याच्या बाबतीत तर हा प्रश्न विशेष गुंतागुंतीचा आहे. या रणगाड्याच्या प्रतिकृतीच्या अनेक संचांत दोन-तीन तऱ्हांची चाके एकत्रच मिळतात. त्यांतील कोणती बसवायची, याचे उत्तर 'टी-३४, १९४२' एवढ्या खोक्यावरच्या नावात सापडत नाही. ते शोधण्यासाठी रणगाडा कोणत्या कारखान्यात तयार झाला, कोणत्या महिन्यांत झाला आणि पुढे त्याची दुरुस्ती कोठे व केव्हा झाली, हे पाहावे लागते.

हा निव्वळ हौशी मंडळींचा काटेकोरपणा म्हणून सोडून देण्यासारखा विषय नाही. टी-३४ च्या चाकात युद्धकाळातील टंचाई, शेकडो किलोमीटर दूर हलविलेले कारखाने आणि हाती असलेल्या साधनांत काम भागविण्याची धडपड यांची नोंद आहे. चुकीचे चाक बसविले की ती नोंद पुसली जाते आणि जे घडलेच नाही ते घडल्यासारखे दिसू लागते.

चाकांचा वारसा

टी-३४ चा आराखडा युक्रेनमधील खारकोव्ह (आजचे खार्किव्ह) येथील कारखाना क्रमांक १८३ मध्ये मिखाईल कोश्किन यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. मार्च १९४० मध्ये पहिले दोन नमुने खारकोव्हहून मॉस्कोपर्यंत स्वतःच्या साखळीपट्ट्यांवर चालवत नेण्यात आले. त्याच वर्षी उत्पादन सुरू झाले आणि २६ सप्टेंबर १९४० रोजी कोश्किन यांचे निधन झाले. त्यानंतर ही जबाबदारी अलेक्झांडर मोरोझोव्ह यांच्याकडे आली.

या रणगाड्याच्या प्रत्येक बाजूस भार वाहणारी पाच मोठी चाके असतात. त्यांना रोड व्हील असे म्हणतात. त्यांचा मोठा आकार हा अमेरिकी अभियंता जे. वॉल्टर क्रिस्टी यांच्या रचनेचा वारसा आहे. सोव्हिएत संघाने क्रिस्टी यांच्याकडून घेतलेल्या रणगाड्यांवरून १९३० च्या दशकात 'बीटी' मालिका तयार झाली. ते रणगाडे साखळीपट्टे काढून ठेवून नुसत्या चाकांवरही रस्त्याने धावू शकत. टी-३४ मध्ये ही सोय वगळण्यात आली; मोठी चाके मात्र कायम राहिली.

प्रत्येक रोड व्हील दोन तबकड्यांचे असते. त्या दोन तबकड्यांमधील फटीतून साखळीपट्ट्याचे उंच दात सरकतात आणि पट्टा जागेवर राहतो. मागच्या टोकाला चालक चाक असते. त्याच्या दोन तबकड्यांच्या मध्ये रूळ बसविलेले असतात व हे रूळ पट्ट्याच्या दातांना रेटा देतात. पुढच्या टोकाला पट्टा ताणून धरणारे आयडलर चाक असते. पट्ट्याची वरची बाजू पेलण्यासाठी वेगळे छोटे रूळ नाहीत. पट्टा सरळ रोड व्हीलच्या पाठीवर टेकतो. म्हणजेच चाकाची कड खालून आणि वरून, अशी दोन्हीकडून पट्ट्याच्या पोलादाला लागत असते. पुढे पोलादी चाकांच्या गोंगाटाचा प्रश्न येतो, तेव्हा ही रचना लक्षात असलेली बरी.

ओळखीची आणखी एक खूण म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या चाकांमधील अंतर. ते इतर चाकांमधील अंतरापेक्षा स्पष्टपणे जास्त असते. याउलट नंतरच्या टी-५४ व टी-५५ या रणगाड्यांत मोठी फट पहिल्या आणि दुसऱ्या चाकांच्या मध्ये आढळते. छायाचित्र अंधुक असले, तरी एवढ्यावरून रणगाड्याचे कूळ सांगता येते.

एक रणगाडा, अनेक कारखाने

जर्मनीने २२ जून १९४१ रोजी सोव्हिएत संघावर आक्रमण केले, तेव्हा टी-३४ चे उत्पादन खारकोव्ह आणि स्टॅलिनग्राड येथे होत होते. शरद ऋतूत खारकोव्हचा कारखाना यंत्रसामग्री आणि कामगारांसह उरल पर्वताच्या पलीकडील निझ्नी तागील येथे हलविण्यात आला. तेथे डिसेंबर १९४१ मध्ये पहिले रणगाडे जोडले गेले. गॉर्की शहरातील 'क्रास्नोये सोर्मोव्हो' हा जहाजबांधणीचा जुना कारखाना क्रमांक ११२ म्हणून या कामात उतरला. १९४२ मध्ये चेल्याबिन्स्क, स्वेर्दलोव्स्क येथील उरालमाश आणि ओम्स्क येथील कारखाना क्रमांक १७४ यांची भर पडली.

आराखडा एकच असला, तरी प्रत्येक ठिकाणची यंत्रे, ओतकामाची सोय आणि कच्च्या मालाचा पुरवठा निराळा होता. एका ठिकाणी जाड पत्रा दाबून तबकडी तयार करणारे अवजड प्रेस उपलब्ध होते, तर दुसरीकडे साच्यात पोलाद ओतून चाक घडविणे सोयीचे होते. रबर आले तर रबरी धाव चढवली जाई. न आल्यास पोलादी कडेवर भागवले जाई. त्यामुळे एकाच महिन्यात दोन कारखान्यांतून बाहेर पडलेल्या रणगाड्यांची चाके वेगळी असणे, हीच तेव्हाची सर्वसाधारण स्थिती होती. शिवाय नवा भाग आला म्हणून जुना साठा टाकून दिला जात नसे. अमुक तारखेपासून जुने बंद आणि नवे सुरू, अशी रेघ या उत्पादनात ओढता येत नाही.

प्रमुख प्रकार

बैलगाडीच्या चाकाला जशी लोखंडी धाव चढविलेली असते, तशी टी-३४ च्या मूळ चाकाला भरीव रबराची धाव होती. या रबरात हवा भरलेली नसे. ही धाव ध्यानात ठेवून पाहिल्यास चाकांचे पाच ढोबळ प्रकार दिसतात.

पहिला प्रकार १९४० व १९४१ मधला. दाबून घडविलेली पोलादी तबकडी आणि तिच्या कडेला गुळगुळीत, सलग रबरी धाव. वेगात चालताना भरीव रबर सतत दबते, सुटते आणि आतून तापते. उष्णता साचली की रबर फाटू लागते. यावर उपाय म्हणून पुढे धावेत भोके व खाचा ठेवण्यात आल्या. अशी सच्छिद्र धाव असलेली तबकडी हा दुसरा प्रकार. प्रतिकृतीत हा फरक भिंगाशिवायही दिसतो. म्हणून १९४० च्या रणगाड्याला सच्छिद्र धावेची चाके लावणे योग्य ठरत नाही.

तिसरा प्रकार पोलादी कडेच्या ओतीव चाकाचा. यात बाहेरची रबरी धाव पूर्णपणे नाहीशी झाली. धक्का शोषण्यासाठी थोडे रबर चाकाच्या आत, तुंब्याच्या भोवती बसविण्यात आले. चौथा प्रकारही ओतीवच. मात्र त्याला आरे किंवा फासळ्या असून कडेला पुन्हा रबरी धाव आहे. फासळ्यांच्या जाळीमुळे मॉडेलकार त्याला 'स्पायडर' म्हणतात. पाचवा प्रकार युद्धानंतरचा असून त्याला तारामाशासारखे पाच रुंद आरे असतात. छंदिष्टांच्या बोलीत त्याचे नाव 'स्टारफिश'. सर्वांत जास्त चुका या तिसऱ्या व पाचव्या प्रकारांच्या बाबतीत होतात, म्हणून त्यांचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा.

रबर संपले तेव्हा

सोव्हिएत संघात रबराच्या झाडांची लागवड होत नव्हती. रसायनशास्त्रज्ञ सर्गेई लेबेदेव यांनी अल्कोहोलपासून कृत्रिम रबर तयार करण्याची पद्धत विकसित केली होती आणि १९३२ मध्ये यारोस्लाव्ल व व्होरोनेझ येथे तसे कारखानेही उभे राहिले होते. मात्र १९४१ च्या जर्मन चढाईत देशाचा पश्चिम भाग हातचा गेला, उद्योग पूर्वेकडे हलवावे लागले आणि पुरवठ्याची साखळी तुटली. त्यातच १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या ताब्यात गेल्याने जगाचा नैसर्गिक रबराचा मुख्य स्रोतच दोस्त राष्ट्रांच्या हातून निसटला. त्यामुळे मित्रदेशांकडूनही मनाजोगे रबर मिळण्याची आशा उरली नाही.

एका टी-३४ ला दहा जोडचाके, म्हणजे वीस तबकड्या लागत. प्रत्येक तबकडीला जाड रबरी धाव हवी. शेकड्यांनी रणगाडे बाहेर काढणाऱ्या कारखान्यांना हा खर्च परवडणारा नव्हता. तेव्हा १९४१-४२ च्या हिवाळ्यात पोलादी कडेची चाके पुढे आली. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. लेनिनग्राडच्या किरोव्ह कारखान्यातील केव्ही या जड रणगाड्याला सुरुवातीपासूनच आतून रबर बसविलेली पोलादी कडेची चाके होती. तोच विचार टी-३४ ला लागू करण्यात आला.

या बदलाची किंमत सैनिकांनी मोजली. लोखंडी धावेची बैलगाडी फरसबंदीवरून जाताना जो खडखडाट होतो, तो आठवावा आणि त्या गाडीचे वजन सव्वीस टनांच्या पुढे आहे अशी कल्पना करावी. पोलादावर पोलाद आपटत असल्याने रणगाडा दुरूनच ऐकू येई. वेगात गेल्यास कंपने धडापर्यंत पोहोचत आणि जोड व सुटे भाग सैल होत. हा दोष निर्मात्यांना ठाऊक होता, पण चाकाविना उभ्या असलेल्या रणगाड्यापेक्षा गोंगाट करणारा रणगाडा बरा, हे त्या हिवाळ्यातील गणित होते.

स्टॅलिनग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्याशी ही चाके विशेष जोडली गेली आहेत. तेथे तयार झालेल्या १९४२ च्या अनेक रणगाड्यांना दोन्ही बाजूंची सर्व चाके पोलादी कडेची दिसतात. ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस जर्मन फौजा या कारखान्याच्या वेशीपर्यंत आल्या आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्या आवारातच लढाई झाली. तेथील टी-३४ चे उत्पादन त्यानंतर पुन्हा सुरू झाले नाही. स्टॅलिनग्राडच्या रणगाड्याची प्रतिकृती करणाऱ्याने पोलादी चाकांबरोबर आणखी दोन खुणा पाहाव्यात : धडाचे चिलखती पत्रे एकमेकांच्या खाचांत गुंतवून केलेले जोड आणि तोफेच्या मुळाशी असलेले छिन्नीसारख्या टोकाचे चिलखत. चाके स्टॅलिनग्राडची आणि धड दुसऱ्याच कारखान्याचे, अशी मोट बांधली तर जाणकाराच्या नजरेतून ती सुटत नाही.

निझ्नी तागीलच्या रणगाड्यांत वेगळी तडजोड दिसते. तेथे १९४२ मधील अनेक रणगाड्यांना पहिले व पाचवे चाक रबरी धावेचे आणि मधली तीन पोलादी कडेची अशी मांडणी होती. टोकाच्या चाकांवर खडबडीत जमिनीचे धक्के अधिक बसतात. उपलब्ध असलेले थोडे रबर तेथेच वापरणे शहाणपणाचे होते. मॉडेलकारांना ही मिश्र मांडणी सुरुवातीला चुकीची वाटते व ते सर्व चाके एकसारखी करून टाकतात. येथे सारखेपणा हीच चूक ठरते.

१९४३ नंतर

रबराचा पुरवठा १९४३ मध्ये हळूहळू सुधारला. अमेरिकेच्या 'लेंड-लीज' मदतीत टायर व रबरही येत होते. पोलादी चाके मागे पडली आणि सच्छिद्र धावेच्या तबकड्या तसेच रबरी धावेची ओतीव 'स्पायडर' चाके सर्रास दिसू लागली. जानेवारी १९४४ पासून ८५ मिलिमीटर तोफेचा टी-३४-८५ तयार होऊ लागला. त्याचे युद्धकालीन उत्पादन निझ्नी तागील, गॉर्की व ओम्स्क येथे झाले. बर्लिनच्या १९४५ च्या लढाईतील रणगाडा दाखवायचा असल्यास तबकडीची किंवा 'स्पायडर' चाके, अथवा छायाचित्रात दिसत असल्यास दोहोंचे मिश्रण, हे पर्याय योग्य ठरतात.

दुरुस्तीमुळे मात्र प्रत्येक नियमाला अपवाद निर्माण झाला. सुरुंगावर चाक उडाले की दुरुस्ती पथक जवळच्या निकामी रणगाड्याचे चाक काढून बसवीत असे. त्यामुळे १९४४ च्या रणगाड्यावर एखादे जुने पोलादी चाक असणे अशक्य नाही. एकाच रणगाड्याच्या डाव्या-उजव्या बाजूंची चाके भिन्न असल्याची छायाचित्रेही आहेत. तरीही एखादे चाक वेगळे असणे आणि संपूर्ण संच भलत्याच काळातला असणे, या दोन गोष्टींत फरक केला पाहिजे. पहिली गोष्ट दुरुस्तीने समजावता येते. दुसरीला पुरावा हवा.

हाच नियम उरालमाशमध्ये टी-३४ च्या सांगाड्यावर उभारलेल्या एसयू-१२२, एसयू-८५ व एसयू-१०० या स्वयंचलित तोफांनाही लागू पडतो. वरचा भाग निराळा असला, तरी चाकांचा इतिहास तोच आहे.

संग्रहालयातील रणगाडा खोटे बोलतो का?

मूळ वस्तू पाहून प्रतिकृती करावी, हा सल्ला साधारणतः योग्यच असतो. टी-३४ च्या बाबतीत मात्र तो सावधपणे घ्यावा लागतो. युद्धानंतर हा रणगाडा निवृत्त झाला नाही. १९५० च्या दशकात पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियातही त्याचे उत्पादन झाले. एकूण संख्या ८० हजारांच्या वर गेली. सोव्हिएत संघाने १९६० च्या दशकात जुन्या टी-३४-८५ ची मोठी दुरुस्ती व आधुनिकीकरण केले. त्या वेळी अनेक रणगाड्यांना टी-५५ कुळातील 'स्टारफिश' चाके बसविण्यात आली. टी-५५ चे उत्पादनच १९५८ मध्ये सुरू झाले. साहजिकच या चाकांनी दुसरे महायुद्ध पाहिलेले नाही, १९५० मधील कोरियाची लढाई नाही, आणि १९५६ मधील बुडापेस्टही नाही.

आज चौथऱ्यांवर, संग्रहालयांत आणि संचलनांत दिसणारे पुष्कळ टी-३४-८५ अशा दुरुस्तीतून गेलेले आहेत. स्मारक उभारताना त्यांच्यावर युद्धकाळातील क्रमांक व घोषणा रंगविल्या जातात. चाके मात्र आहेत तीच राहतात. चित्रपटांचेही तसेच. जानेवारी २०१९ मध्ये लाओसने आपल्याकडील ३० टी-३४ रणगाडे रशियाला परत दिले. युद्ध संपून सात दशके उलटल्यावरही चालू स्थितीत राहिलेल्या अशा रणगाड्याचे किती भाग मूळचे असणार, हा विचार पाहणाऱ्याने आधी करावा. संग्रहालयातील रणगाडा खोटे बोलत नाही. तो आपले सबंध आयुष्य सांगतो. आपल्याला त्यातले एकच वर्ष हवे असते.

याउलट नदी-तळ्यांतून वर काढलेले रणगाडे अधिक भरवशाचे असतात. एस्टोनियातील एका तळ्यातून सप्टेंबर २००० मध्ये बाहेर काढलेला टी-३४ त्याचे उदाहरण आहे. जर्मनांनी ताब्यात घेऊन वापरलेला हा रणगाडा १९४४ मध्ये माघार घेताना पाण्यात लोटला गेला होता. गाळात हवा न पोहोचल्याने तो बऱ्याच अंशी शाबूत राहिला आणि दरम्यानच्या छप्पन्न वर्षांत त्याच्यावर कोणाच्याही दुरुस्तीचा हात फिरला नाही.

छायाचित्र वाचण्याची रीत

सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे त्या काळातील छायाचित्र. १९४१-४२ मधील टी-३४ ची असंख्य छायाचित्रे जर्मन सैनिकांनी काढलेली आहेत. रस्त्याकडेला निकामी होऊन पडलेल्या रणगाड्यांचे त्यांना कुतूहल होते. अशा छायाचित्राची तारीख ही रणगाडा कधी नष्ट झाला याची असते, तो कधी तयार झाला याची नव्हे. दोहोंमध्ये काही आठवडे असतील किंवा वर्षही असेल.

चाकाच्या कडेला रुंद, काळसर आणि निस्तेज पट्टा दिसला तर ती रबरी धाव. तसा पट्टा नसून तबकडीचा रंग थेट कडेपर्यंत गेला असेल आणि कड अरुंद व उजळ दिसत असेल, तर ते पोलादी चाक. चिखल आणि बर्फ येथे दगा देतात : पोलादी कडेवर वाळलेला चिखल रबरासारखा दिसतो. जळालेल्या रणगाड्याची रबरी धाव आगीत नष्ट झालेली असते आणि उघडी तबकडी पोलादी चाकाचा भास निर्माण करते. म्हणून एका चाकावर विसंबून न राहता पाचही चाके पाहावीत, शक्य असल्यास दुसऱ्या बाजूचेही छायाचित्र शोधावे.

त्यानंतर चाकांची साक्ष इतर भागांशी ताडून पाहावी. १९४० मध्ये व १९४१ च्या प्रारंभी आखूड एल-११ तोफेचे रणगाडे तयार झाले, तेव्हा रबराची टंचाई नव्हती. त्यांना पोलादी चाके लावणे कालविपर्यास ठरेल. सुरुवातीच्या आयडलर चाकालाही रबरी धाव होती, नंतर ते पूर्ण पोलादी झाले; तेव्हा आयडलर आणि रोड व्हील परस्परांशी जुळायला हवेत. आरंभीचा साखळीपट्टा ५५० मिलिमीटर रुंद होता, पुढे ५०० मिलिमीटरचा पट्टा रूढ झाला. षट्कोनी टरेट १९४२ मधले, त्यावरील कमांडरचा उंच घुमट १९४३ मधला. यांतील एक खूण सुटली तरी दुसरी सापडते, आणि चार खुणा एकाच काळाकडे बोट दाखवू लागल्या की निवड निश्चित करता येते.

मोजमाप आणि रंग

टी-३४ च्या रबरी धावेच्या रोड व्हीलचा व्यास ८३० मिलिमीटर. एकास ३५ या सर्वाधिक प्रचलित प्रमाणात तो २३.७ मिलिमीटर भरतो. एकास ४८ मध्ये १७.३, तर एकास ७२ मध्ये ११.५ मिलिमीटर. वेगळ्या कंपनीची रेझीनची चाके विकत घेण्यापूर्वी व्हर्नियरने हे माप तपासणे श्रेयस्कर. व्यासात थोडी तफावत असली, तरी पट्ट्याची वरची रेषा बिघडते, कारण पट्टा चाकांवरच टेकलेला असतो. जुन्या व नव्या पट्ट्यांच्या रुंदीतील ५० मिलिमीटरचा फरक एकास ३५ मध्ये जेमतेम १.४ मिलिमीटर होतो. पण दोन तबकड्यांमधील फट आणि पट्ट्याचे दात यांचा मेळ त्यावरच अवलंबून असल्याने चाके व पट्टा शक्यतो एकाच संचातील घ्यावीत.

रंगकामात होणारी ठळक चूक म्हणजे पोलादी कडेलाही सवयीने काळा रंग देणे. पोलादी चाक सोव्हिएत सैन्याच्या '४बीओ' या हिरव्या रंगात कडेपर्यंत रंगवावे आणि पट्ट्याला घासणारा पृष्ठभाग उघड्या, घासून चकाकलेल्या धातूचा दाखवावा. रबरी धाव निखळ काळी न ठेवता धुळकट राखाडीकडे झुकणारी, निस्तेज असावी. मिश्र मांडणीच्या रणगाड्यात पहिल्या व पाचव्या चाकाची गडद कड आणि मधल्या तिघांची चकाकी हा फरक रंगातूनच उठून दिसतो.

भारतातील हौशी मंडळींना सोव्हिएत चाके प्रत्यक्ष पाहण्याची संधी टी-५५ मुळे मिळते. १९७१ च्या युद्धात भारतीय सैन्याकडे टी-५४ व टी-५५ रणगाडे होते आणि निवृत्तीनंतर त्यांतील अनेक ठिकठिकाणी स्मारक म्हणून उभे आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात वेगवेगळ्या देशांच्या रणगाड्यांची चाके, धावा आणि पट्टे जवळून न्याहाळता येतात. टी-५५ च्या 'स्टारफिश' चाकाची घडण एकदा डोळ्यांत बसली, की युद्धकालीन म्हणून दाखविल्या जाणाऱ्या टी-३४ वर ते चाक दिसताच ओळखू येते.

निवडीचा क्रम मग असा राहतो : प्रथम एक विशिष्ट रणगाडा ठरवावा व त्याचे छायाचित्र मिळवावे, टरेट, धड व तोफ यांवरून कारखाना ओळखावा, चाके एकेक करून मोजावीत, आयडलर आणि पट्टा त्यांच्याशी जुळवावा, आणि सर्वांत शेवटी संचातील चाकांकडे वळावे. छायाचित्र मिळत नसल्यास त्या कारखान्याची त्या काळातील सर्वसाधारण मांडणी स्वीकारावी; दुर्मीळ अपवाद उभा करू नये. हा क्रम पाळला, तर १९४२ मधील स्टॅलिनग्राडच्या रणगाड्याखाली दहा पोलादी चाके येतील आणि त्या वर्षी रबराची तीव्र टंचाई होती ही गोष्ट, फलक न लावताही, पाहणाऱ्यापर्यंत पोहोचेल.